२,८०० डॉलरची जुनी कॅटलिना २२: घ्यायची की सोडायची?

१९८४ची कॅटलिना २२ ही शिडाची बोट, स्विंग कील (तळाखालची वजनदार पट्टी, जी वर-खाली करता येते), ट्रेलर आणि सहा हॉर्सपॉवरची मोटर धरून २,८०० डॉलर. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता, क्लबात शिडाची बोट चालवायला शिकलात, आता तिथल्याच किनाऱ्यावरच्या बार्नेगट बे या खाडीत बायकोमुलांना घेऊन फिरायचंय. पहिली बोट म्हणून ही चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मॉडेल चालेल, डोळे झाकून. ही अमुक एक बोट चालेल का, हे तिच्याखाली आडवं पडल्याशिवाय कळायचं नाही. तेव्हा बघायला जाताना जुने कपडे घाला आणि टॉर्च न्या.

मॉडेल का चालेल, ते आधी सांगतो. फ्रँक बटलरने १९६९मध्ये ही बोट आणली आणि आजवर पंधरा हजारांहून जास्त बनल्या. त्यामुळे चाळीस वर्षांच्या बोटीचाही बारीकसारीक भाग नवा मिळतो, आणि तुम्हाला येणारी अडचण आधी शेकडो जणांनी सोडवलेली असते. दुसरं म्हणजे बार्नेगट बे सरासरी जेमतेम पाच फूट खोल. कील वर घेतली की या बोटीला दोन फूट पाणी पुरतं, पूर्ण सोडली की पाच लागतं. त्या खाडीसाठी माझी पसंती स्विंग कीललाच. उन्हाळ्यात दुपारी दक्षिणेचं वारं चांगलंच उठतं आणि उथळ पाण्यात आखूड, चिडक्या लाटा येतात. २२ फुटी बोट तिथे मुलांना घाबरवत नाही. इनलेटमधून (खाडीच्या तोंडातून) बाहेर समुद्रात मात्र पहिल्या वर्षी जाऊ नका. तिथल्या वाळूच्या पट्ट्या जागा बदलत राहतात.

आता मुद्दा. जुन्या बोटीतले दोष दोन जातींचे असतात. एक, पैसे टाकले की पंधरा दिवसांत मिटणारे: शिडं, दोर, बॅटरी, गाद्या, मोटरसुद्धा. दुसरे, तुमचा आख्खा उन्हाळा गिळणारे: कील आणि डेक. न्यू जर्सीत हंगाम मे ते ऑक्टोबर, त्यातले तीन महिने बोट ड्राइव्हवेत उघडी पडली तर नोव्हेंबरात तुम्हीच ती विकायला काढाल. विकायला असलेल्या बऱ्याच स्वस्त बोटी अशाच अर्धवट सोडलेल्या असतात. म्हणून शिडं मळकी आहेत की गाद्या फाटल्यात, यावरून मत बनवू नका. विकणारा उलट तेच पुढे करेल: नवे कुशन, नवा रेडिओ, पॉलिश केलेली बाजू.

कील नीट समजून घ्या. ती साडेपाचशे पौंडांची ओतीव लोखंडाची आहे, पुढच्या टोकाला एक इंच जाडीच्या पिनवर टांगलेली, आणि मागून एक स्टीलची केबल तिला वर ओढते. केबल हलमधून, म्हणजे बोटीच्या कवचातून, आत येते आणि केबिनच्या पायरीखाली असलेल्या विंचवर (हाताने फिरवायच्या रहाटावर) गुंडाळली जाते. ट्रेलरखाली शिरून कीलचं मागचं टोक दोन्ही हातांनी धरा आणि आडवं हलवा. थोडीशी हालचाल असतेच, पण टोक मोकाट डुलत असेल, आत ठकठक वाजत असेल, तर पिन झिजलीय, किंवा जास्त वाईट म्हणजे कीलमधलं भोक लांबट झालंय. मग बोट उचलून कील खाली उतरवणं, भोक मोठं करून त्यात बुश (धातूची नळकांडी) बसवणं आलं. अवघड नाही, पण घरच्या अंगणात होत नाही आणि बोटी दुरुस्त करणारा यार्डवाला तुम्हाला त्याच्या सोयीने बोलावतो. पिन धरून ठेवणारे ब्रॅकेटचे बोल्टही बघा. त्यांच्याभोवती गंजाचे ओघळ दिसले की विचारा, शेवटचे कधी काढले होते. उत्तर सहसा येत नाही.

मग वर येऊन विंच दहाबारा वेळा फिरवायला लावा आणि केबल बोटांनी नाही, जाड हातमोज्याने चाचपा. एखादा धागा तुटून वर आलेला असेल तर केबल बदलायची, लगेच. ती तुटली तर साडेपाचशे पौंड लोखंड धाडकन खाली सुटतं आणि कीलच्या खोबणीला, म्हणजे थेट हललाच, तडा जाऊ शकतो. केबल आत येते तिथे रबरी नळीचा एक तुकडा आणि दोन क्लॅम्प असतात. नळी फार तर दोन वीत लांब, पण पाण्याच्या पातळीखाली. ती दाबून बघा. कडक आणि भेगाळलेली असेल तर बोट पाण्यात सोडायच्या आधी बदला. काही डॉलरचं काम आहे आणि याच नळीमुळे धक्क्याला बांधलेल्या बोटी बुडतात.

डेकचं परीक्षण कानाने करायचं. फायबरग्लासच्या दोन थरांत प्लायवूड आहे. कुठे रेलिंगचे खांब, कुठे क्लीट (दोर बांधायचा खुंट), अशी जिथे जिथे भोकं पाडली तिथून पाणी शिरतं आणि लाकूड कुजतं. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने हलके ठोकत जा. चांगल्या जागी खणखणीत टक् येतो, कुजलेल्या जागी भद्द. पायाखाली दबतंय का तेही बघा, विशेषतः डोलकाठीच्या पायाशी आणि पुढच्या डेकवर. तळहाताएवढी मऊ जागा चालवून घेता येते. डोलकाठीखालचंच लाकूड बसलं असेल तर मी तिथूनच परत फिरेन, बोट फुकट मिळत असली तरी. आत गेल्यावर डोलकाठीच्या तारा जिथे बोटीला धरतात तिथलं लाकूड काळं पडलंय का बघा. काळा डाग म्हणजे मुरणारं पाणी.

बाकीचं भराभर. डोलकाठीच्या तारा खारट पाण्यात दहा वर्षांवर गेलेल्या असतील, किंवा वय कोणी सांगू शकत नसेल, तर काही शे डॉलरचा नवा संच धरूनच चाला. तारेवरून टिश्यू पेपर फिरवा, अडकला तर धागा तुटलाय. शिडाच्या शिवणीवर नख ओढा. दोरा सुटून आला तर उन्हाने खाल्लाय. काळी बुरशी फक्त दिसायला वाईट. नवी मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, हजार डॉलरच्या घरात जाते. तळाला बारीक फोड दिसले तर घाबरू नका, त्या वयाच्या बोटींना ते येतात.

मोटर तुमच्यासमोर सुरू करायला सांगा, आणि थंड असताना. तुम्ही पोचण्याआधीच कोणी गरम करून ठेवली असेल तर मनात शंका धरा. बाजूने पाण्याची धार सलग आली पाहिजे, नाहीतर इम्पेलर (मोटर थंड ठेवायला पाणी ओढणारा छोटा पंखा) गेलाय. शाफ्ट (मोटरपासून खाली पंख्यापर्यंत जाणारा दांडा) लांब, म्हणजे किमान वीस इंची, हवाच. आखूड शाफ्टचा पंखा लाटेत हवेत फिरत राहतो. इथेनॉलवालं पेट्रोल हिवाळाभर टाकीत राहिलं तर कार्ब्युरेटर चिकटतो, हे या देशातल्या प्रत्येक छोट्या मोटरचं दुखणं आहे.

ट्रेलरकडे सगळेच दुर्लक्ष करतात, आणि एडिसनहून खाडीकाठच्या टॉम्स रिव्हरला ये-जा करणाऱ्याला सगळ्यात आधी दगा तोच देतो. टायरच्या नक्षीवर जाऊ नका, बाजूवरचा चार आकडी कोड वाचा: २३१४ म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचे टायर बदला. चाक उचलून फिरवा. खरखर ऐकू आली तर बेअरिंग खाऱ्या पाण्याने गेलंय. बोट, सामान, मोटर आणि ट्रेलर मिळून वजन साडेतीन हजार पौंडांच्या आसपास जातं, आणि बऱ्याच मिनीव्हॅनची ओढायची मर्यादाच तेवढी असते. तुमच्याकडे मिनीव्हॅन असेल तर ती काठावर आहे. निदान पहिल्या वर्षी धक्क्यावर जागा घ्या, नाहीतर दर शनिवारी डोलकाठी उभी करण्यातच सकाळ जाईल. आणि उभी करताना आधी मान वर करून विजेच्या तारा बघा. अॅल्युमिनियमची पंचवीस फुटी काठी आहे ती. मुंबईत पावसाळ्यापूर्वी बोटी वर काढतात, इथे थंडीपूर्वी. तेव्हा ट्रेलर चालू स्थितीत ठेवावाच लागतो.

कागदपत्रं: न्यू जर्सीत बारा फुटांवरच्या बोटीला टायटल (मालकीचा कागद) लागतं. ट्रेलरचे कागद वेगळे, तेही मागा. बोटीच्या मागच्या बाजूला उजवीकडे CTYऐवजी दुसऱ्याच अक्षरांनी सुरू होणारा, किंवा खरवडलेला, हल नंबर (बोटीचा ओळख क्रमांक) दिसला तर पुढे बोलूच नका; कॅटलिनाचा नंबर 'सीटीवाय' या अक्षरांनीच सुरू होतो. मोटर असलेली बोट चालवायला तुम्हाला सेफ्टी सर्टिफिकेट काढावं लागेल, आणि तेरा वर्षांखालच्या मुलांना जॅकेट अंगावरच हवं.

कील घट्ट, डेक खणखणीत आणि कागद साफ असतील तर २,८०० हा भाव वाजवी आहे. तारा आणि टायरचे पैसे त्यातून कापायला सांगा, म्हणजे बावीसशेपासून सुरुवात करा. मागच्या उन्हाळ्यात ही बोट पाण्यात होती का, हेही विचारा. होती असेल तर शंभर-दोनशे जास्त द्यायला हरकत नाही. 'तीन वर्षं झाकून ठेवलीय, काही करावं लागणार नाही' असं म्हणाला तर किमान आठशे कमी करा. कील डुलत असेल तर घेऊ नका; न्यू जर्सी आणि लाँग आयलंडवर याच बोटी दर वसंतात विकायला येतात.