वागणूक वादग्रस्त असलेल्या नामवंतांना राष्ट्रीय सन्मान द्यावेत का?

घटस्फोट, लफडी, तोंडाळपणा यावरून सन्मान अडवू नये. तसं केलं तर यादीत दोन-चार कीर्तनकारच उरतील, आणि त्यांचीही हमी कोण घेणार? पण दुसऱ्याला इजा केल्याचा गंभीर गुन्हा दाखल असेल, तर निकालापर्यंत थांबावं.

नृत्यदिग्दर्शक जानी मास्टरांचं प्रकरण बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांना राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाला आणि सप्टेंबरमध्ये लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरून अटक झाली, तीही पॉक्सो म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली. सोहळ्याला जाता यावं म्हणून कोर्टाने अंतरिम जामीन दिला होता. तरी ८ ऑक्टोबरच्या कार्यक्रमाआधी पुरस्कार स्थगित करून निमंत्रण मागे घेतलं गेलं. आरोप सिद्ध झालेला नसताना थेट रद्द न करता स्थगिती देणं मला रास्त वाटतं.

पद्म सन्मान रद्द करायचा अधिकार राष्ट्रपतींना आहे, पण तो वापरायला सरकार कचरतं. कुस्तीपटू सुशील कुमारला २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२१ मध्ये खुनाच्या आरोपाखाली त्याला अटक झाल्यावर हाच प्रश्न निघाला होता. तिथेही स्थगितीची सोय हवी.