रात्री डॉक्टर घरी, मग मुलगी एकटी?

प्रश्न: माझी मुलगी इंदूरला बीएससी नर्सिंग करून अमेरिकेला गेली. ग्रीन कार्ड आहे, मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात इमर्जन्सीला तीन वर्षं झाली. आता ती ‘ट्रॅव्हल नर्स’ व्हायचं म्हणते. १३ आठवड्यांचं कंत्राट, कुठल्याशा खेड्यातलं २० खाटांचं हॉस्पिटल, रात्रपाळी. इमर्जन्सीत नर्स दोनच आणि डॉक्टर एक, तोही बरेचदा घरी. पैसे चांगले आहेत म्हणे. पण चांगली जागा सोडून असं जावं का? तिला काय सांगू?
– एक आई, सुदामानगर, इंदूर

उत्तर: ताई, मी रामबागेतली. इंदूरलाच सरकारी कॅज्युअल्टीत सुरुवात केली आणि पुढे अमेरिकेत सात वर्षं अशीच कंत्राटं केली, त्यातली चार छोट्या हॉस्पिटलांत. तुमची काळजी रास्त आहे. तरी मी म्हणेन, जाऊ द्या तिला. फक्त सही करण्याआधी तिने चार गोष्टी विचारून घ्याव्यात.

‘डॉक्टर घरी’ हे ऐकून पोटात गोळा येतो, खरंय. अशी बहुतेक छोटी हॉस्पिटलं १९९७ पासूनच्या एका सरकारी योजनेत असतात. खाटा २५ पेक्षा जास्त नाहीत, दुसरं हॉस्पिटल साधारण ५६ किलोमीटर लांब, इमर्जन्सी मात्र चोवीस तास उघडी. डॉक्टर किंवा त्याच्या जागी उपचार करू शकणारा प्रशिक्षित माणूस इमारतीत नसला तर बोलावल्यावर ३० मिनिटांत यायलाच हवा, अगदी विरळ वस्तीच्या भागात तासाभराची सूट. तो येईपर्यंत पेशंट तुमच्या मुलीच्या हातात. तिथला गंभीर पेशंट शेवटी पुढे मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचाच असतो, आपल्याकडे धार-झाबुआहून इंदूरला आणतात तसा. पण तिकडे १९८६ चा कायदा आहे: दारात आलेल्याला आधी तपासायचं, शक्य तेवढं सावरायचं आणि पुढच्या हॉस्पिटलाने होकार दिल्यावरच हलवायचं.

माझ्या पहिल्या कंत्राटातली दुसरी रात्र. एक बाप ब्लँकेटात गुंडाळलेली पोर घेऊन धावत आला. ताप, आणि झटके थांबेनात. अशा वेळी मुलाशेजारी एक रंगीत पट्टी लांब पसरतात. लाल टोक डोक्याशी धरायचं आणि टाच ज्या रंगावर येईल त्यावरून वजन नि औषधाचं माप काढायचं. मी क्रॅश कार्टचा, म्हणजे आणीबाणीच्या औषध-सामानाच्या ढकलगाडीचा, खालचा खण ओढला, पट्टी नाही. ती कपाटात कुलपात होती आणि किल्ली कुठे ते मला कोणी सांगितलं नव्हतं. तिथली जुनी सिस्टर धावत जाऊन घेऊन आली. टाच पिवळ्यावर आली, १२ ते १४ किलो. पिवळ्या खान्यातलं माप बघून औषध दिलं, थोड्या वेळाने पोर रडायला लागली आणि माझ्या जिवात जीव आला. पण ते मिनिट मी विसरलेले नाही. त्यानंतर कुठल्याही नव्या जागी पहिल्या दिवशी मी अर्धा तास आधी जाते आणि प्रत्येक खण स्वतः उघडून बघते. तिलाही हे सांगा, कारण नवी जागा समजावून देण्याच्या नावाखाली बऱ्याच ठिकाणी एक-दोन पाळ्याच मिळतात.

आता विचारायचं काय? सगळ्यांत आधी हे: धुक्यात, बर्फात पेशंटला पुढे नेणारं हेलिकॉप्टर उडत नाही. मग पेशंट रस्त्याने न्यायचा झाला तर सोबत नर्स कोण जाणार? ती गेली तर मागे इमर्जन्सीत कोण उरणार? याचं उत्तर चाचरत मिळालं तर ती जागा घेऊ नये, पगार कितीही असो. रक्ताच्या पिशव्या किती ठेवतात आणि रात्री लॅब कोण चालवतं, तेही विचारावं.

पैशांचं म्हणाल तर, छोट्या जागी पेशंट कमी असले की पाळी रद्द होते आणि तिचा पगारही बुडतो. आठवड्याचे ३६ तास लेखी मागावेत. राहण्याखाण्याच्या भत्त्यावर कर लागतो की नाही, हे कंत्राटाच्या गावाबाहेर अमेरिकेतच तिचं कायमचं बिऱ्हाड आहे का यावर असतं. त्यासाठी कर सल्लागाराला भेटावं, कंत्राट मिळवून देणाऱ्या एजन्सीच्या माणसाच्या तोंडी शब्दावर राहू नये. नर्सिंगच्या परवान्याचंही बघावं. बरीच राज्यं एकमेकांचा परवाना चालवून घेतात, कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क घेत नाहीत.

तीन वर्षं मोठ्या इमर्जन्सीत काढलेल्या मुलीला हे जमेल, ताई. छोट्या गावात लोक सिस्टरला नावानिशी ओळखायला लागतात, तेही तिला आवडेल.

एक तुमच्यासाठी. तिकडे मध्य भागातल्या राज्यात असेल तर हिवाळ्यात तिची पाळी सकाळी सातला सुटेल तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतील. दिवेलागणीला तिची आठवण येणारच, पण त्या वेळी फोन करू नका. ती रात्रभर जागून बर्फातून गाडी चालवत असेल. खोलीवर पोचल्यावर तिलाच करू द्या.