‘ऐकत नाहीत’ असं केसपेपरवर लिहिण्याआधी

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तालुक्याच्या गावी ओपीडी सुरू झाली, चालायलाही लागली, फार बरं वाटलं. पत्रात मात्र जुन्या डायबेटिसवाल्यांवर वैताग दिसला. वीस-वीस वर्षं औषधं चोख घेणारी माणसं सत्तरीत एकाएकी ऐकेनाशी का होतात, हा तुझा प्रश्न. त्यावर जरा सविस्तर लिहितो.

अशा माणसाची शुगर बिघडली की पथ्याची उलटतपासणी नंतर कर, आधी त्याच्या मेंदूची चौकशी कर. डायबेटिस सांभाळणं हे डोक्याचं काम आहे. जेवणाआधीची गोळी, जेवणानंतरची गोळी, आज भूक नाही तर इन्सुलिन किती घ्यायचं, औषध संपायच्या आत कुणाला सांगायचं. याला नियोजन लागतं आणि विचारांचा वेग लागतो. वर्षानुवर्षांच्या डायबेटिसने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, तेव्हा बहुतेकदा याच दोन गोष्टी आधी मंदावतात. जुनी आठवण त्यामानाने बरीच टिकते. म्हणून आजोबा समोर बसून जुने जमिनीचे व्यवहार तारखेसकट सांगतात आणि आपण समजतो, डोकं शाबूत आहे. घरी मात्र सकाळचं इन्सुलिन घेतलं की राहिलं, हे त्यांना सांगता येत नाही. मग शंका नको म्हणून ते पुन्हा टोचून घेतात.

इन्सुलिन घेणाऱ्याला तुझ्यासमोर सिरिंज भरून दाखवायला सांग, तोंडी उत्तरावर विसंबू नकोस. आपल्याकडे बाटलीतलं साधं इन्सुलिन ४० युनिटचं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज केशरी टोपणाची. ४० ची बाटली केशरी टोपणाच्या सिरिंजने भरली, तर २० च्या खुणेला अंगात फक्त ८ युनिट जातात. उलट झालं, म्हणजे १०० ची बाटली आणि लाल टोपण, तर त्याच खुणेला ५० युनिट जातात! तरतरीत माणसाच्या लक्षात टोपणाचा रंग लगेच येतो. विचार मंदावलेला माणूस मेडिकलवाल्याने दिली ती सिरिंज घेऊन घरी जातो. त्याच्या डायरीत डोस बरोबर, शुगर मात्र ३००, आणि आपण विचारतो, ‘गोड खाल्लंत ना?’

या वयात मला चढलेल्या शुगरपेक्षा उतरलेल्या शुगरची धास्ती जास्त वाटते. तरुणाला घाम फुटतो, छाती धडधडते, तो साखर खातो. म्हाताऱ्या माणसात ही पूर्वसूचना बोथट झालेली असते. तो नुसता चिडतो, असंबद्ध बोलतो, बाथरूममध्ये पडतो, आणि घरचे म्हणतात, वयामुळे होतंय. कॅलिफोर्नियातल्या टाइप २ डायबेटिसच्या १६,६६७ पेशंटांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. शुगर उतरून हॉस्पिटल गाठण्याची वेळ ज्यांच्यावर तीन किंवा अधिक वेळा आली होती, त्यांच्यात पुढे डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका जवळपास दुप्पट दिसला. हे चक्र दोन्हीकडून फिरतं. उतरलेली शुगर मेंदूला इजा करते आणि मंदावलेला मेंदू पुन्हा शुगर उतरवून घेतो.

मग एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, रेटून खाली आणली तर मेंदू वाचेल का? टाइप २ च्या पेशंटांवरच्या अकॉर्ड चाचणीत एका गटात ती ६ च्या खाली आणायचा प्रयत्न झाला, दुसऱ्याला नेहमीचे उपचार दिले. मृत्यू वाढल्यामुळे २००८ मध्ये तो भाग थांबवावा लागला. त्यातल्या सुमारे तीन हजार जणांची बौद्धिक चाचणीही घेतली होती. ४० महिन्यांनी दोन्ही गटांत काही फरक निघाला नाही. थकलेल्या, अनेक आजार असलेल्या माणसाची एचबीए१सी ८ च्या आत राहिली तरी पुष्कळ.

याचा अर्थ तिशी-चाळिशीतल्यांना सूट असा घेऊ नकोस. मेंदूची खरी राखण त्याच वयात होते. टाइप १ च्या पेशंटांचा डीसीसीटी अभ्यास १९८३ मध्ये सुरू झाला. ३२ वर्षांनी पाहिलं तेव्हा, वाढलेली एचबीए१सी, तीव्र हायपो (फार उतरलेली शुगर) आणि वरचं बीपी हे तिन्ही ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांची बौद्धिक चपळाई वय नऊ वर्षांनी जास्त असावं इतकी घटली होती. शुगरच्या नादात बीपी विसरू नकोस.

पासष्टीनंतर वर्षातून एकदा तरी मेंदूची तपासणी कर. कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांग. लिहिता येत नसेल तर एका मिनिटात आठवतील तेवढ्या भाज्यांची नावं विचार. कमी पडलं तर लगेच डिमेन्शियाचा शिक्का मारू नकोस. डायबेटिसची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ बघ, थायरॉइड बघ, ऐकू कमी येतंय का, मन खचलंय का तेही विचार. आणि सुनेशी किंवा मुलीशी बोल. कुकरच्या शिट्ट्या मोजायला चुकतात, पेन्शनचे पैसे मोजायला वेळ लागतो, हे तीच सांगू शकते.

पत्रात ज्या निवृत्त मास्तरांबद्दल लिहिलंस, त्यांच्या चार वेळच्या औषधांचं काय ते आधी बघ. शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइड गोळी सकाळी घेऊन माणूस एकादशी पाण्यावर काढत असेल, तर दोष एकादशीचा नाही. क्रिएटिनिन कर, किडनी मंदावली असेल तर ही गोळी अंगात रेंगाळते. बंद करता आली तर कर, शुगर न उतरवणारी दिवसातून एकदाची गोळी दे, आणि ती मुलगा कामावर जायच्या आत त्याच्या हातून घेतली जाईल अशी वेळ ठरव. पुढच्या खेपेला मुलाला सोबत बोलाव, घरातली सगळी पाकिटं, बाटल्या आणि वापरलेल्या सिरिंजही पिशवीतून आणायला सांग. रिपोर्ट आले की मला फोन कर, रात्री नऊनंतर केलास तरी चालेल.

तुझे,
सर