ट्रेग पेशींना आयएल-२ किती द्यावं आणि सप्रेशन चाचणीआधी ते का काढून टाकावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रयोगशाळेत बनवलेलं मानवी आयएल-२ (इंटरल्युकिन-२, टी पेशींना वाढीचा संकेत देणारं प्रथिन) वापरून तुम्ही रक्तातल्या ट्रेग पेशी, म्हणजे नियामक टी पेशी, दोन आठवडे वाढवल्या. फ्लो सायटोमेट्रीत फॉक्सपी३, म्हणजे ट्रेगची ओळख मानलं जाणारं प्रथिन, भरपूर दिसतं, पण सप्रेशन चाचणीत या पेशी इतर टी पेशींची वाढ रोखत नाहीत. प्रथिन खराब निघालं का, आणि त्याचं प्रमाण नक्की किती ठेवायचं?

प्रथिन खराब असण्याची शक्यता मला सगळ्यात कमी वाटते. ते खराब असतं तर दोन आठवड्यांत पेशी वाढल्याच नसत्या, मेल्या असत्या. ट्रेग पेशी स्वतः आयएल-२ बनवत नाहीत, कारण फॉक्सपी३ त्या जनुकालाच दाबून ठेवतं. त्यांना ते बाहेरूनच मिळावं लागतं. माझा पहिला संशय असा की चाचणीच्या प्लेटमध्ये तुमच्या ट्रेग पेशींबरोबर आयएल-२ सुद्धा गेलं. बाहेरून घातलेलं आयएल-२ चाचणीतलं दडपण मोडून काढतं, हे १९९८ पासून माहीत आहे. ट्रेग पेशींच्या दडपण्याच्या मार्गांपैकी एक म्हणजे आजूबाजूचं आयएल-२ शोषून घेणं. प्लेटमध्ये ते मुबलक असेल तर शोषून काय उपयोग? रिस्पॉन्डर पेशी, म्हणजे ज्यांची वाढ रोखली जायला हवी त्या टी पेशी, आरामात विभाजित होत राहतात.

म्हणून चाचणीआधी पेशी तीनदा धुवा आणि २४ ते ४८ तास अगदी कमी आयएल-२ मध्ये, म्हणजे मिलिलिटरला १० ते २० आययू (आंतरराष्ट्रीय एककं) एवढ्यावर, ठेवा. मग पुन्हा दोनदा धुऊन प्लेटमध्ये घाला. शून्य आयएल-२ मध्ये दोन दिवस ठेवू नका. भरपूर खाऊन वाढलेल्या पेशी त्यात पटापट मरतात, आणि मग दडपण दिसलं नाही तर त्याचा अर्थच लावता येत नाही.

दुसरा संशय बीड्सवर. वाढीसाठी अँटी-सीडी३/सीडी२८ बीड्स (टी पेशींना उत्तेजन देणारे चुंबकी मणी) वापरले असतील, तर ते चुंबकावर दोनदा काढा आणि शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. थोडे बीड्स ट्रेग पेशींबरोबर गेले, तर जिथे ट्रेग जास्त तिथेच रिस्पॉन्डर पेशींना उत्तेजनही जास्त मिळतं, आणि निकाल बरोबर उलटा दिसू शकतो. चाचणीत १:१, १:२, १:४, १:८ अशी उतरती गुणोत्तरं ठेवा. याशिवाय एक कंट्रोल असा हवा की ट्रेग पेशींच्या जागी तेवढ्याच संख्येने न रंगवलेल्या साध्या सीडी४ पेशी घातलेल्या आहेत. तो नसेल, तर वेलमधली गर्दी आणि मिडियममधल्या पोषकांचा तुटवडा यांनी घटलेली वाढसुद्धा ‘दडपण’ म्हणून मोजली जाते. हा कंट्रोल गाळलेला असेल तर निकाल कितीही सुंदर दिसो, मी त्यावर विसंबणार नाही.

आता प्रमाणाकडे. इथे थोडं खोलात जातो, कारण प्रतिकारयंत्रणेचा तोल या रेणूच्या बाबतीत शब्दशः प्रमाणावर टांगलेला आहे.

आयएल-२ हे १३३ अमिनो आम्लांचं, साधारण १५.५ किलोडाल्टनचं छोटं प्रथिन. त्याच्या रिसेप्टरचे तीन भाग आहेत: सीडी२५, सीडी१२२ आणि सीडी१३२. नुसत्या सीडी२५ ला ते सैल चिकटतं (केडी सुमारे १० नॅनोमोलर; केडी म्हणजे निम्मे रिसेप्टर भरणारं प्रमाण, ते जितकं कमी तितकी पकड घट्ट). सीडी१२२ आणि सीडी१३२ एकत्र असले तर सुमारे १ नॅनोमोलर, आणि तिन्ही असले तर सुमारे १० पिकोमोलर. ट्रेग पेशींवर सीडी२५ कायम भरपूर असतं, म्हणून त्यांच्याकडे तिहेरी रिसेप्टर तयारच असतो. विश्रांत एनके (नैसर्गिक मारक) पेशी आणि स्मृती सीडी८ (मारक टी) पेशी मुख्यतः सीडी१२२ आणि सीडी१३२ च्या दुहेरी रिसेप्टरवर भागवतात. हे आकडे आता प्रयोगाच्या भाषेत बदलू. औषध म्हणून मान्यता असलेल्या अल्डेस्ल्युकिनचा हिशेब १.१ मिलिग्रॅमला १ कोटी ८० लाख आययू असा आहे, म्हणजे १ नॅनोग्रॅमला सुमारे १६ आययू. त्यावरून १० पिकोमोलर म्हणजे मिलिलिटरला अंदाजे २.५ आययू आणि १ नॅनोमोलर म्हणजे अंदाजे २५० आययू. मिलिलिटरला १ ते १० आययू दिलं तर ते बहुतांशी ट्रेग पेशींनाच ऐकू जातं. शेकड्यांत गेलात की एनके आणि सीडी८ पेशीही जाग्या होतात. आणि पारंपरिक, म्हणजे ट्रेग नसलेल्या साध्या, टी पेशी एकदा उत्तेजित झाल्या की त्यांच्यावरही सीडी२५ येतं. मग हा फरक पुसट होतो.

यातून निघणारा व्यवहार सरळ आहे. मिश्र पेशींमध्ये, म्हणजे पीबीएमसीमध्ये (रक्तातून वेगळ्या केलेल्या लिम्फोसाइट आणि मोनोसाइट पेशींमध्ये), ट्रेगचा प्रतिसाद बघायचा असेल तर कमी प्रमाण. शुद्ध केलेल्या ट्रेग वाढवायच्या असतील तर ३०० ते १००० आययू प्रति मिलिलिटर, कारण तिथे स्पर्धक नसतात आणि पेशी आयएल-२ झपाट्याने संपवतात. दर दोन-तीन दिवसांनी ते पुन्हा घालावं लागतं. पेशींची घनता मिलिलिटरला ५ ते १० लाख ठेवा. शुद्धतेची खात्री नसेल तर १०० नॅनोमोलर रॅपामायसिन घाला. वाढ मंदावते, पण भेसळ म्हणून आलेल्या पारंपरिक पेशी मागे पडतात. सॉर्टिंगच्या वेळी मात्र सीडी२५ जास्त आणि सीडी१२७ कमी असलेला गटच घ्या, तोही कंजूषपणे. सुरुवातीला आत शिरलेल्या २ टक्के पारंपरिक पेशी दोन आठवड्यांत ट्रेगना संख्येने गाठू शकतात.

युनिटच्या बाबतीत एक मोठी फसगत होते. कुपीवरच्या माहितीपत्रकात अनेकदा आययू नसतातच, ईडी५० वरून काढलेली युनिटं असतात: सीटीएलएल-२ या उंदराच्या पेशींमध्ये कमाल वाढीच्या निम्मी वाढ घडवणारी मात्रा (ईडी५०) मोजायची आणि १० लाखाला त्या नॅनोग्रॅमच्या आकड्याने भागायचं. ईडी५० ०.१ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर मिलिग्रॅमला १ कोटी युनिटं. हा आकडा त्या प्रयोगशाळेच्या पेशींवर आणि त्या दिवशीच्या चाचणीवर अवलंबून असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाण नमुन्याशी शेजारी शेजारी तुलना केलेली असेल तरच त्याला आययू म्हणावं. म्हणून वहीत नॅनोग्रॅम लिहा, शेजारी लॉट नंबर लिहा, आणि नवा लॉट आला की जुन्याबरोबर एकदा चालवून बघा.

हिशेबाचं एक उदाहरण. ५० मायक्रोग्रॅमची कुपी ५०० मायक्रोलिटरमध्ये विरघळवली तर १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरचा स्टॉक होतो, म्हणजे सुमारे १६ लाख आययू प्रति मिलिलिटर. १० मिलिलिटर मिडियममध्ये ३०० आययू प्रति मिलिलिटर हवे असतील तर लागतात ३००० आययू, म्हणजे जेमतेम १.९ मायक्रोलिटर. एवढं पिपेटने नेमकं उचललं जात नाही. आधी मिडियममध्ये दहापट पातळ करा आणि त्यातलं १९ मायक्रोलिटर घ्या.

विरघळवण्याआधी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवा, कारण सुकी पावडर झाकणाला चिकटलेली असते आणि उघडताना उडून जाते. माहितीपत्रकात दिलेलंच द्रावण वापरा. आयएल-२ ला सौम्य आम्ल मानवतं, म्हणून बऱ्याच कुप्यांसाठी पातळ ॲसिटिक आम्ल सांगितलेलं असतं. जोरात व्होर्टेक्स करू नका, फेस म्हणजे प्रथिनाचा नाश. पुढे पातळ करताना मात्र ०.१ टक्का अल्ब्युमिन हवंच. नाहीतर पिकोग्रॅमच्या पातळीला बरंचसं प्रथिन नळीच्या प्लास्टिकला चिकटून जातं, आणि तुम्ही १ आययू दिलं असं समजता तेव्हा पेशींपर्यंत किती पोचलं हे सांगता येत नाही. एका वेळी लागेल एवढेच भाग करून उणे ८० अंशावर ठेवा. वितळवलेला भाग परत गोठवू नका. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीझरमध्ये तर अजिबात ठेवू नका.

प्रथिन खरंच काम करतंय का हे तपासायचा सगळ्यात जलद मार्ग म्हणजे फॉस्फो-स्टॅट५, म्हणजे आयएल-२ चा संकेत पोचल्यावर पेशीत फॉस्फेट जोडलं जाणारं स्टॅट५ हे प्रथिन, मोजणं. अर्ध्या दिवसात उत्तर मिळतं आणि तोलाचं चित्रही दिसतं. पीबीएमसी आयएल-२ नसलेल्या मिडियममध्ये ३७ अंशांवर दोन तास ठेवा. प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटरात ५ लाख पेशी घ्या. आयएल-२ ०, ०.१, १, १०, १०० आणि १००० आययू प्रति मिलिलिटर असं द्या. बरोबर १५ मिनिटांनी तेवढ्याच आकारमानाचं ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड घाला (अंतिम २ टक्के) आणि १० मिनिटं थांबा. धुऊन, पेशी हलक्या हाताने हलवत बर्फासारखं थंड ९० टक्के मिथेनॉल थेंबाथेंबाने घाला आणि अर्धा तास बर्फात ठेवा. एकदम ओतलंत तर गुठळ्या होतात. मिथेनॉलनंतर पेशी नीट खाली बसत नाहीत आणि गोळाही जवळजवळ दिसत नाही. ६०० ते ८०० जी वर फिरवा आणि वरचं द्रावण सावकाश काढा, नाहीतर इथेच निम्म्या पेशी जातात.

या चाचणीतले दोन सापळे सांगतो. पीई आणि एपीसीसारखे प्रथिन-रंग मिथेनॉलमध्ये टिकत नाहीत. मिथेनॉलआधी रंगवायचं असेल तर अ‍ॅलेक्सा फ्लुअर ४८८ किंवा ६४७ सारखे रंग घ्या. दुसरा जास्त छुपा: उत्तेजनाआधी सीडी२५ ची अँटिबॉडी लावू नका. त्यातल्या काही अँटिबॉडी आयएल-२ ची बसायची जागाच अडवतात, आणि ‘ट्रेग प्रतिसाद देत नाहीत’ असा खोटा निष्कर्ष निघतो. सॉर्टिंगसाठी सीडी२५ रंगवलेल्या पेशींवर त्याच दिवशी ही चाचणी केली तरी हेच होतं.

पेशींची संख्याही दर वेळी तीच ठेवा. वरच्या मांडणीत ०.१ आययू म्हणजे पेशीमागे ५० पेक्षाही कमी रेणू असतात. पेशी दुप्पट केल्या की वाटा निम्मा, आणि वक्र उजवीकडे सरकतो. प्रथिन चांगलं असेल तर सीडी२५ जास्त असलेल्या फॉक्सपी३ पेशी १ ते १० आययूला स्पष्ट उजळतात आणि एनके पेशींमधला सीडी५६ जास्त असलेला छोटा गट त्यांच्यामागून येतो. बाकी बहुतेकांना शंभराच्या पुढे जावं लागतं. सगळे गट एकदमच उजळले तर तुमचा ‘कमी’ डोस कमी नाही, हिशेब पुन्हा तपासा.

एंडोटॉक्सिनचंही, म्हणजे जिवाणूच्या आवरणातल्या एलपीएस या विषारी घटकाचंही, बघा. हे प्रथिन बहुधा ई. कोलाय जिवाणूत बनवलेलं असतं. तिथे ते गुठळ्यांच्या रूपात साचतं, त्या विरघळवून प्रथिनाची घडी पुन्हा घालावी लागते. चुकीचा डायसल्फाइड बंध बनू नये म्हणून १२५ व्या जागेवरचं सिस्टीन बदलून सेरीन करतात. या जिवाणूचा एलपीएस उरला तर मोनोसाइट आयएल-६ सोडतात, आणि टीजीएफ-बीटा देऊन नाईव्ह (अजून प्रतिजनाला न भेटलेल्या) टी पेशींपासून ट्रेग घडवत असाल तर तीच पेशी दाह वाढवणाऱ्या टीएच१७ प्रकाराकडे वळू शकते. मायक्रोग्रॅमला ०.१ ईयूपेक्षा (एंडोटॉक्सिनच्या एककांपेक्षा) कमी असलेला लॉट घ्या. शंका असेल तर एका वेलमध्ये एलपीएस निष्प्रभ करणारं पॉलिमिक्सिन बी आणि दुसऱ्यात आयएल-२ निष्प्रभ करणारी अँटिबॉडी घाला. परिणाम आयएल-२ चा असेल तर दुसऱ्या वेलमध्येच तो नाहीसा होईल.

राहिलं फॉक्सपी३. धुऊन, बीड्स काढून, कंट्रोल ठेवूनही दडपण दिसलं नाही, तर त्या पेशी ट्रेग आहेत का हाच प्रश्न उरतो. माणसाच्या साध्या टी पेशीही उत्तेजित झाल्यावर काही दिवस फॉक्सपी३ दाखवतात, त्यामुळे नुसता रंग पुरावा होत नाही. फॉक्सपी३ जनुकातला टीएसडीआर हा भाग मिथाइलमुक्त आहे का ते तपासा. खऱ्या, स्थिर ट्रेगमध्ये तो मिथाइलमुक्त असतो. रक्तदाता स्त्री असेल तर एक लक्षात ठेवा: हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि प्रत्येक पेशीतलं एक एक्स निष्क्रिय, मिथाइलयुक्त असतं. म्हणून पूर्ण शुद्ध ट्रेगमध्येही आकडा ५० टक्क्यांच्या आसपासच थांबतो. दात्याचं लिंग न बघता ‘५० टक्के म्हणजे निम्मी भेसळ’ म्हणून चांगला कल्चर टाकून देऊ नका.