जर्मन येत नाही, दूध कसं आणू?

प्रश्न : मुलगी श्टुटगार्टला असते. तिच्या बाळंतपणासाठी मी तीन महिने जाते आहे. जावई दिवसभर ऑफिसात, म्हणजे दूध, भाजी, औषधं मीच आणायची. जर्मन अजिबात येत नाही, इंग्रजी बेताचं. निभेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : निभेल, ताई. मी त्याच शहरात संसार केलाय आणि बाळंतपणाला आलेल्या बऱ्याच आयांना पहिल्यांदा दुकानात घेऊन गेले आहे. त्यांचं बोलण्यावाचून फारसं अडलं नाही. अडलं ते तिथली रीत माहीत नव्हती म्हणून.

साध्या फळीवर रचलेले खोके टिकाऊ दुधाचे, ताजं दूध फ्रिजमध्ये. खोक्यावर ३.५ टक्के बघून घ्या, १.५ टक्क्यांचं पातळ लागतं. शेजारीच ‘बुटरमिल्श’ असतं, म्हणजे ताक. मुलीकडून तेवढी अक्षरं ओळखून ठेवा, नाहीतर चहा फाटेल. घरचं तूप सोबत नेऊ नका, दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेऊ देत नाहीत. तिथलं लोणी छान असतं, घरीच कढवा. बाळंतिणीसाठी शेपू ‘डिल’ म्हणून मिळतो, जुडी मात्र चिमुकली.

ट्रॉलीला बहुधा एक युरोचं नाणं लागतं. पट्ट्यावर आपलं सामान संपलं की पुढे आडवी दांडी ठेवायची, म्हणजे मागच्याचं सामान मिसळत नाही. पिशवी आपणच भरायची, आणि कॅशियरचा हात फार भरभर चालतो. रक्कम स्क्रीनवर दिसते. २,४९ म्हणजे दोन युरो एकोणपन्नास सेंट. समोर गेल्यावर आधी ‘हालो’ म्हणा. तेवढ्याने समोरचा माणूस मदतीला तयार होतो, हे मी कायम पाहिलंय.

पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या टाकू नका, एकदा वापरायच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत असते. बाटली चेपायची नाही, लेबल काढायचं नाही. दुकानातल्या यंत्राच्या गोल तोंडात एकेक सरकवायची, शेवटी बटण दाबायचं आणि निघालेली चिठ्ठी काउंटरवर द्यायची. पहिलं काम एकटीने हेच करा. एक शब्द बोलावा लागत नाही आणि भीड चेपते.

औषधांबाबत मात्र हयगय नको. साबण-शांपूच्या दुकानांत साधी पॅरासिटामॉलही ठेवलेली नसते. लाल रंगातलं मोठं इंग्रजी ‘ए’ अक्षर दिसेल तीच औषधांची ‘अपोथेके’. कागदावर क्रोसिन नको, पॅरासिटामॉल लिहा. मूळ औषधाचं नाव तिथेही तेच आहे. स्वतःच्या नेहमीच्या गोळ्या, असतील तर, पूर्ण मुदतीच्या इथूनच न्या, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. रविवारी सगळं बंद, पण पाळीने उघड्या अपोथेकेचा पत्ता बंद दुकानाच्या दारावर लावलेला असतो. तिथे घंटी वाजवली की खिडकीतून औषध देतात, अडीच युरो जादा घेऊन.

रुग्णवाहिकेसाठी ११२. तिथे बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो, घंटीवर आडनाव असतं. म्हणून पत्ता, मजला, घंटीवरचं आडनाव आणि ‘मुलीला कळा सुरू झाल्यात’ हे जर्मन वाक्य जावयांकडून देवनागरीत लिहून घ्या, फोनजवळ चिकटवा आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून बघा.