लॉस एंजेलिसच्या बेघरांमध्ये कृष्णवर्णीय इतके जास्त का? प्रादेशिक नियोजनाने काही फरक पडेल का?

पडेल, पण सावकाश. २०१८ च्या अहवालानुसार लॉस एंजेलिस काउंटीत कृष्णवर्णीय जेमतेम ९ टक्के, बेघरांत मात्र ४० टक्के. गरिबी हे एकच कारण नाही. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर त्यांच्या वस्त्या कर्जासाठी ‘धोक्याच्या’ म्हणून लाल रंगवल्या गेल्या. अशा भागांत गृहकर्ज मिळणं मुश्कील. मग पुढच्या पिढीला वारशात घर कुठून येणार?

काउंटीत ८८ शहरं. निवारा म्हटलं की प्रत्येकाचं ‘आमच्याकडे नको’, नुसता खो-खो! म्हणून २०२२ च्या राज्य कायद्याने परवडणाऱ्या घरांसाठी काउंटीभराची एक संस्था झाली. २०२४ मध्ये मतदारांनी अर्धा टक्का विक्रीकर मंजूर केला, त्यातला वाटा तिला मिळतो. माझ्या मते तो पैसा आधी भाडं थकलेल्यांना घरात टिकवण्यावर खर्चावा.