नववीची मुलं इंग्रजीत तोंड उघडत नाहीत. मोबाईल आणि प्रकल्पांनी खरंच फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की गावाकडच्या मराठी शाळेत नववीला इंग्रजी शिकवता, मुलं रिकाम्या जागा बरोबर भरतात, पण दोन वाक्यं बोला म्हटलं की माना खाली. मोबाईल आणि प्रकल्पांनी हे सुधारतं की नुसता देखावा होतो? मी कोल्हापुरात अशाच वर्गांना इंग्रजी शिकवतो.

फरक पडतो. मात्र आपल्याकडे ज्याला 'प्रोजेक्ट' म्हणतात त्यानं नाही. नेटवरून प्रिंट काढायची, कार्डशीटवर डकवायची, भोवती स्केचपेनची नक्षी, आणि निम्मं काम रात्री जागून आईनं करायचं. यात इंग्रजी आलं कुठं? अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धत मांडली तेव्हा त्यांचा सगळा भर होता मुलाच्या स्वतःच्या हेतूवर. इंग्रजीच्या तासाला मी त्यात एक अट वाढवतो: ऐकणाऱ्याला मराठी येता कामा नये. समोरच्याला मराठी कळत असताना मुलं इंग्रजी कशाला बोलतील? तुम्ही-आम्ही तरी बोलतो का?

आमच्याकडं अशी संधी आयती चालून आली. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीतल्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. मुलं पेटली. 'आपण त्यांना सांगू या' म्हणाली. सांगायचं कुठल्या भाषेत, हा प्रश्न मग मला विचारावाच लागला नाही.

पाच-पाच जणांचे गट केले, गटाला एक फोन. एक गट सुभाषनगरात चपला करणाऱ्या एका मामांकडं गेला. मुलाखत मराठीतच, त्यात मी लुडबुड केली नाही. माहिती काढताना भाषेची अडचण नको. कातडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावतात, वरची वेणी हातानं विणतात, शिवण चामड्याच्या वादीची, खिळा कुठंच नाही, हे सगळं मुलांनी टिपून आणलं. कोल्हापुरीचं भौगोलिक मानांकन, म्हणजे ती ठरावीक भागाचीच असल्याची सरकारी नोंद, २०१९ चं आणि ते महाराष्ट्र-कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांचं, हे वाचल्यावर वर्गात तासभर भांडण झालं. तेही मराठीत. होऊ दिलं.

आणि इथं कर्मणी प्रयोग आपोआप गळ्यात पडला, कारण चप्पल 'केली जाते', कातडं 'कमावलं जातं'. फळ्यावर मी चारच वाक्यांचा साचा लिहिला आणि बाकीची वाक्यं त्यांच्याकडून काढून घेतली.

मोबाईलचा खरा उपयोग व्हिडिओ एडिट करण्यात नाही, स्वतःचा आवाज ऐकण्यात आहे. पोरं एक मिनिट बोलून रेकॉर्ड करतात, ऐकतात, तोंड वाकडं करतात आणि पुन्हा बोलतात. मी सांगितलं असतं तर पाच वेळा कुणी बोललं नसतं. दुसरी गोष्ट म्हणजे आवाजावरून टायपिंग. भाषा 'इंग्रजी (भारत)' ठेवा. आमच्यातला एक जण 'स्टिच' ऐवजी 'इस्टिच' म्हणायचा, तर फोन दर वेळी 'इज टीच' असं काहीतरी लिहून मोकळा. गडी फोनशी भांडत बसला आणि शेवटी शब्द बरोबर उमटवूनच उठला. सरांसमोर चुकल्याची लाज असते, फोनसमोर नसते. फोनही चुकतो, हे मात्र मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर चांगलं बोलणारी पोरगीही बिचकते.

एआयकडून स्क्रिप्ट लिहून आणणारे तुम्हालाही भेटतील. आमच्याकडं एका गटानं असा काही परिच्छेद आणला की मलाच दोनदा वाचावा लागला. बंदी घालून उपयोग नाही. माझा नियम एवढाच: कागदाकडं न बघता जे वाक्य म्हणता येत नाही, ते स्क्रिप्टमधून बाद. परिच्छेद अर्ध्या तासात चार वाक्यांवर आला.

शेवटी केरळमधल्या एका शाळेच्या वर्गाशी व्हिडिओ कॉल. पाठ केलेलं सगळ्यांनी म्हटलं, त्याचं मला विशेष काही नाही. पण तिकडून प्रश्न आला, ही चप्पल पावसात चालते का? वर्ग गप्प. मागच्या बाकावरची, वर्षभर न बोललेली एक मुलगी पुढं झाली आणि म्हणाली, "नो रेन. रेन, इट डाय." तिकडं हशा पिकला, तो समजल्याचा हशा होता. मी तिथल्या तिथं दुरुस्ती केली नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तिचंच वाक्य घेऊन 'इफ' चा धडा झाला. प्रकल्पाचे सगळ्यात जास्त गुण मी या न ठरवलेल्या बोलण्यालाच ठेवतो. सजावटीला शून्य.

यातून वाचन सुधारेल असं समजू नका. ज्यांना अजून सलग वाचता येत नाही, त्यांना गूगलचं 'रीड अलाँग' द्या. हे २०१९ मध्ये 'बोलो' नावानं आलेलं ॲप. मूल मोठ्यानं वाचतं, ॲप ऐकतं आणि अडलेला शब्द म्हणून दाखवतं. कंटाळवाणं आहे, पण रोज थोडं केलं तर चालतं.

फोन घरचा असतो आणि संध्याकाळपर्यंत वडिलांच्या खिशात, म्हणून रेकॉर्डिंग शाळेतच, शिक्षकांच्या फोनवर उरकावं. मुलांचे व्हिडिओ पालकांना विचारल्याशिवाय कुठंही टाकू नका, शाळेच्या ग्रुपवरसुद्धा.

तुमच्या गावात काय बनतं, काय पिकतं, ते खाली लिहा. गूळ, मडकी, घोंगडी, काहीही चालेल. पहिल्या मुलाखतीचे प्रश्न आणि साच्याची चार वाक्यं मी काढून देतो.